हौशी अंकात मानधन कोणाला, मदत कोणाची: काम सुरू होण्याआधी ठरवायच्या गोष्टी

छंदाचा अंक काढणाऱ्या गटात दिवाळी सरली की त्याच तीन तक्रारी निघतात. "त्याला पैसे दिले, मला साधं विचारलंही नाही." "माझा फोटो कॅलेंडरवर कसा गेला?" "अंकाला उशीर झाला, पण डीटीपीवाला आपलाच माणूस, त्याला बोलणार कसं?" (डीटीपीवाला म्हणजे संगणकावर पानांची मांडणी करून देणारा.) तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आधी माणसं गोळा केली, मग हाताला येतील तशी कामं वाटली, आणि पैशाचा विषय सगळ्यात शेवटी, अंक छापखान्यात असताना निघाला.

हा क्रम बदलायचा. आधी कामं लिहायची, मग त्यांची वर्गवारी, मग पैशाची सोय, मग बोलणी, मग कागद, आणि त्यानंतरच पहिला लेख हातात घ्यायचा. खाली एक नमुना धरून चाललो आहे: कोल्हापुरातल्या गडभ्रमंती आणि पक्षीनिरीक्षण करणाऱ्या गटाचा दिवाळी अंक, डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), ६४ पानं, ५०० प्रती. तुमचा अंक सायकलींचा, परसबागेचा किंवा जुन्या नाण्यांचा असला तरी पायऱ्या याच राहतील.

## १. कामांची यादी करा, माणसांची नाही

बैठकीत वही उघडली की पहिल्याच ओळीत नावं पडायला लागतात. तिथेच थांबवा. कामं लिहून होईपर्यंत एकही नाव नको.

लेख, फोटो, मुखपृष्ठ, जाहिराती, छपाई ही कामं सगळ्यांना आठवतात. राहून जातात ती मधली: लेखकांचा पाठपुरावा, फोटोओळी लिहिणं, पक्ष्यांची नावं तपासणं, नकाशे काढणं, मुद्रितशोधनाच्या (छपाईआधी चुका शोधण्याच्या) फेऱ्या, छापखान्यात जाऊन पहिला छापील कागद बघणं, जाहिरातींची वसुली, गठ्ठे उचलून आणणं, पत्ते लिहिणं, टपाल.

यातलं एक काम तर यादीत जवळपास कधीच नसतं: फाँट बदलल्यानंतरची तपासणी. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो. बऱ्याच डीटीपी केंद्रांत पानं अजून श्री-लिपीसारख्या, युनिकोडहून वेगळ्या पद्धतीच्या फाँटमध्ये लावली जातात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की "दऱ्या"मधला र तुटतो, "ट्रॅक"वरची चंद्रकोर जाते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही उमटतं. कन्व्हर्टर मिनिटभरात काम उरकतो, पण त्यानंतर ६४ पानं ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालायला माणूस लागतो. हे काम कोणाचं, हे ठरलेलं नसलं की डीटीपीवाला म्हणतो मुद्रितशोधकाचं, मुद्रितशोधक म्हणतो डीटीपीवाल्याचं. शेवटी ते संपादकाच्या गळ्यात पडतं, तेही रात्री.

तपासा: यादीतल्या प्रत्येक कामापुढे "हे संपलं असं कधी म्हणायचं?" याचं उत्तर एका ओळीत लिहिता येतं का? "मुद्रितशोधन" एवढंच पुरेसं नाही. "दोन फेऱ्या, दुसरी फेरी कागदी प्रतीवर, सहीसह" हे पुरेसं.

## २. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: हे काम आठवडाभर लांबलं, तर दुसऱ्या कोणाचं काम अडतं का?

दुसरा प्रश्न: हे काम करणाऱ्याला आपल्या पोटापाण्याचं दुसरं काम बाजूला ठेवावं लागतं का?

दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर ते काम पैसे देऊनच करून घ्यायचं, मग करणारा सख्खा भाऊ का असेना. आपल्या नमुन्यात पानांची मांडणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधनाची शेवटची फेरी इथे बसतात. पानं लागल्याशिवाय अनुक्रमणिका होत नाही, शेवटची फेरी झाल्याशिवाय फाइल छापखान्यात जात नाही. अशा जागी उपकाराखातर बसवलेल्या माणसाला तारीख विचारता येत नाही आणि त्यालाही नाही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंनी अवघडलेपण वाढत जातं.

दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ते हौसेचं काम. गटातल्या सदस्यांचे लेख, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातली निरीक्षणं, पक्ष्यांची नावं तपासणं, पेठेत अंक पोचवणं. ही कामं आवडीनेच चांगली होतात. पन्हाळ्याच्या तटाखाली एकाच झाडावर वर्षभर नजर ठेवून लिहिलेली नोंद तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही.

एक "हो" आणि एक "नाही" असलेल्या कामांवर बैठकीत बोलून निर्णय घ्या. जाहिराती गोळा करणं हे त्यातलं अवघड काम. इथे काही गट टक्केवारी देतात, ते चालेल. पण लेख निवडणाऱ्या माणसाकडे टक्केवारीचं काम देऊ नका. ज्या दुकानाची जाहिरात आणली त्याच दुकानाच्या तंबूवर परीक्षण आलं, तर तो लेख कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर विश्वास बसत नाही.

लेखकांबद्दल माझं मत ठाम आहे. गटातल्या सदस्यांत एकतर सगळ्यांना मानधन, नाहीतर कोणालाच नाही. नावाजलेल्या सदस्याला गुपचूप पाकीट आणि नवख्याला नुसती प्रत, हे महिनाभरात सगळ्यांना कळतं. गटाबाहेरच्या, लेखनावरच पोट असलेल्या माणसाकडून मुद्दाम लेख मागवला असेल तर तो मानधनाचा. ही रेघ सभेत आधीच सांगून टाका. मग कोणाला वाईट वाटत नाही.

तिसरा रकाना विसरू नका: खर्चाची भरपाई. विनामूल्य काम करणाऱ्याच्या खिशाला चाट बसता कामा नये. पेट्रोल, कुरिअर, रंगीत प्रिंट, पेनड्राइव्ह यांचा खर्च बिलाप्रमाणे परत द्यायचा. हे मानधन नव्हे, त्यामुळे दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

सावधान: विद्यार्थी म्हणजे फुकट हात नव्हेत. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या मुलाला "अनुभव मिळेल" म्हणून ६४ पानांची मांडणी करायला लावली, तर ते वरच्या दोन्ही प्रश्नांत "हो" असलेलं काम आहे. त्याला पैसे द्या. सोबत बसून एक लेख कसा संपादित करतात हे दाखवलंत, तर तो अनुभव.

## ३. मानधनाचे पैसे सर्वात आधी बाजूला काढा

छपाईचं बिल, कागद, टपाल भागवून उरलं तर मानधन, असा हिशेब जवळपास सगळीकडे असतो. उरत काहीच नाही, आणि ज्याने रात्री जागवल्या त्यालाच "पुढच्या वर्षी बघू" ऐकावं लागतं. छापखाना उधारी ठेवत नाही, मग ती या माणसांच्या माथी का मारायची?

अंदाजपत्रक फक्त हातात आलेल्या रकमेवर करा. समजा जाहिरातींचे ६०,००० रुपये बोलले गेलेत आणि प्रत्यक्षात ३५,००० जमा झालेत, तर आज तुमच्याकडे ३५,०००च आहेत. त्यातून पहिली ओळ मानधनाची, दुसरी खर्चभरपाईची, तिसरी छपाईची.

मग पैसे कमी पडले तर? पानं कमी करा. छपाईचा हिशेब फर्म्यावर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांवर, चालतो. १६ पानांचा एक फर्मा धरला तर ६४ पानं म्हणजे चार फर्मे. ६० पानं केल्याने फारसं वाचत नाही, ४८ केली तर अख्खा फर्मा सुटतो: त्याच्या प्लेटा, कागद, छपाई आणि तेवढ्या पानांची मांडणीही. रंगीत फर्मा एकरंगी करणं हा दुसरा मार्ग. फर्मा किती पानांचा बसतो हे यंत्राच्या आकारावर ठरतं, म्हणून आपल्या छापखान्यात विचारून घ्या आणि काटछाट त्याच पटीत करा.

तपासा: अंक संस्थेच्या नावाने निघत असेल तर कार्यकारिणीतल्याच कोणाला मानधन देता येतं का, हे संस्थेच्या घटनेत बघा. येत असेल तर ठराव करा, आणि ठरावाच्या वेळी त्या सदस्याला बाहेर बसायला सांगा. अंक वर्षातून अनेकदा, ठरावीक अंतराने काढायचा बेत असेल तर नियतकालिकाची नोंदणी लागते का, हेही याच वेळी विचारून घ्या. त्यासाठीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४पासून लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर करायचा असतो.

## ४. बोलणी: ओळखीच्या माणसाशी आधी पैशाचं बोला

अनोळखी माणसाला दर विचारायला कोणी लाजत नाही, घोटाळा होतो तो ओळखीच्यांत. आपल्याकडची नेहमीची सुरुवात अशी: "दादा, घरचंच काम हाय, सवडीनं करा की." यात तीन चुका आहेत. "घरचं" म्हटल्याने दर विचारायची सोय गेली, "सवडीनं" म्हटल्याने तारीख गेली, आणि काम किती हे सांगितलंच नाही.

त्याऐवजी असं विचारा: "दादा, ६४ पानांचा अंक आहे. मांडणी आणि दोन करेक्शन. मजकूर एकदम देतो, तुकड्यातुकड्यात नाही. अमुक तारखेला पानं हवीत. तुमचा दर काय? त्यात बसलं तर आत्ता ॲडव्हान्स देतो."

त्याने स्वतःहून दर कमी केला तर आभार मानून घ्या, आणि अंकात तसा उल्लेख करू का हेही विचारा. घासाघीस मात्र करू नका. पैसे कमी असतील तर काम कमी करा: तीन करेक्शनच्या जागी दोन, किंवा चित्रांच्या पानांना साधी चौकट.

करेक्शनची संख्या ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. पानं लागल्यावर लेखक फोन करून म्हणतो, "तो परिच्छेद जरा वर घ्या." एक परिच्छेद हलला की पुढची सगळी पानं सरकतात. ठरलेल्या फेऱ्यांनंतरच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे लागतील, हे आधी बोलून ठेवा आणि लेखकांनाही सांगून ठेवा.

हौसेने काम करणाऱ्याशी बोलणी वेगळी. त्याला काम लहान करून द्या, शेवट दिसेल असं. "जाहिरातींचं बघ" असं म्हणू नका. "राजारामपुरीतली ही आठ दुकानं, या महिनाअखेरपर्यंत" असं सांगा. आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: "जमणार नसेल तर या तारखेआधी कळव, राग नाही." ही तारीख दिलेली असली की लोक वेळेत कळवतात. नसली की फोन उचलत नाहीत.

सावधान: "प्रसिद्धी मिळेल" हे मोबदला म्हणून कधीही सांगू नका. ५०० प्रतींच्या अंकातून छायाचित्रकाराला काम मिळेल असं वचन आपण देऊ शकत नाही.

## ५. कागद करा: इथे बहुतेकांची समजूत चुकीची असते

"पैसे दिले म्हणजे लेख आपला" आणि "फुकट दिलंय म्हणजे कसंही वापरा" ही दोन्ही वाक्यं सर्रास ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ काय म्हणतो ते बघा.

बाहेरच्या लेखकाने मानधन घेऊन लिहिलेल्या लेखाचा हक्क लेखकाकडेच राहतो. तो तुमच्याकडे हवा असेल तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

फोटोचं उलट आहे. कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रालाही हाच नियम. म्हणजे मुखपृष्ठासाठी तुम्ही चित्रकाराला पैसे दिलेत आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर त्या चित्राच्या प्रती उद्या छापून विकायचा हक्क आपल्याकडे राहिला नाही, हे त्याला कदाचित ठाऊकही नसेल. हा अन्याय टाळायला एक ओळ पुरते: "चित्राचा हक्क चित्रकाराकडे राहील, अंकाला मुखपृष्ठ आणि जाहिरातीपुरती परवानगी."

सदस्याने हौसेने दिलेल्या फोटोचा हक्क सदस्याचा. त्याने अंकासाठी दिला, कॅलेंडरसाठी नाही. कॅलेंडर, टी-शर्ट, पुढच्या वर्षीचा अंक, गटाचं फेसबुक पान: प्रत्येक वापराला वेगळी परवानगी. ही परवानगीही लेखीच हवी. एवढं लिहिलं तरी भागतं:

"माझा 'अमुक' हा लेख / हे चार फोटो … वर्षाच्या दिवाळी अंकात एकदा छापायला विनामूल्य देत आहे. हक्क माझ्याकडे राहतील. संकेतस्थळावर वापरायला परवानगी आहे / नाही. इतर कुठल्याही वापराआधी मला विचारावं. लेखासोबत माझं नाव असं छापावं: …… . सही, तारीख."

मानधनाच्या कामाला याच कागदावर रक्कम, ॲडव्हान्स, उरलेले पैसे कोणत्या तारखेला, करेक्शनच्या फेऱ्या आणि काम मध्येच रद्द झालं तर किती द्यायचं, एवढ्या ओळी वाढवा. नाव छापण्याचा हक्क मात्र पैशावर अवलंबून नाही. हक्क विकला तरी आपली निर्मिती आपल्या नावावर सांगण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो.

तपासा: सही न झालेला एकही लेख किंवा फोटो डीटीपीकडे गेलेला नाही ना? यात एकदा सवलत दिली की नंतर सगळेच सवलत मागतात.

## ६. वेळापत्रक कोल्हापूरच्या पावसाळ्यावर बसवा

इंग्रजी तारखा दरवर्षी हुकतात, कारण दिवाळीच मागेपुढे होते. सणांवरून मोजा.

- नागपंचमी: लेख आणि फोटो बंद. आषाढात पन्हाळा-पावनखिंड मोहिमा असतात आणि त्यावर लिहिणारे हमखास उशिरा देतात. त्यांच्यासाठी चार पानं आधीच राखून ठेवा, बाकीचं काम अडवू नका.
- नारळी पौर्णिमा: संपादन संपवून मजकूर एकगठ्ठा डीटीपीकडे.
- गणेशचतुर्थीआधी: पहिली पानं हातात. पुढचे दहा-अकरा दिवस कोणीच तुमचं नसतं. डीटीपीवाला आपल्या मंडळात, मुद्रितशोधक आपल्या.
- पितृपक्ष: गावात कार्यक्रम कमी, माणसं मोकळी. शेवटची फेरी आणि सह्या याच पंधरवड्यात.
- घटस्थापना: फाइल छापखान्यात. इथून वसुबारसेपर्यंत २५-२६ दिवस मिळतात. छपाई, बांधणी, वाटप एवढ्यात बसवायचं, आणि छापखान्याकडे याच काळात सगळ्यांचेच अंक आणि कॅलेंडरं असतात.

पंचगंगेला पूर आला की हे सगळं बाजूला पडतं. २०१९ आणि २०२१ साली महामार्गसुद्धा बंद झाला होता. अशा वेळी गटातली माणसं मदतीला जातात आणि तिथेच असायला हवीत. म्हणून हौशी कामांच्या तारखांत जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवस सैल ठेवा. मानधनाच्या कामांच्या तारखा त्या सैल दिवसांनंतरच्या द्या आणि मग त्या हलवू नका. मजकूर तुम्ही उशिरा दिलात तर व्यावसायिकाची तारीख आपोआप पुढे जाते, हेही कागदावर लिहा.

सावधान: फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते आकसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर चढवा. डेमी आकाराचं पूर्ण पान म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) किमान १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात.

## ७. दोन्हींचं काम जिथे एकत्र येतं, तिथे एकच माणूस उभा करा

मानधन घेणारा मुद्रितशोधक आणि हौशी लेखक यांना थेट बोलू देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम पक्के असलेला माणूस लाल पेनाने पान रंगवतो आणि लेखकाला तो अपमान वाटतो. दुरुस्त्या संपादकाकडे याव्यात, त्याने लेखकाशी बोलावं.

मुद्रितशोधकालाही आधी सांगा: निवेदनातली शुद्धलेखनाची चूक सुधारायची, पण दाजीपूरच्या वाटाड्याचं "आता गवं हिकडंच यायचं बगा" हे वाक्य प्रमाणभाषेत आणायचं नाही. पक्ष्यांची स्थानिक नावंही नाहीत. यासाठी अर्ध्या पानाची सूचना लिहून द्या.

लेखकाला त्याचा लागलेला लेख एकदाच दाखवा, दोन दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं नाही तर मान्य आहे असं धरलं जाईल, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेलं असू द्या.

## ८. पैसे, श्रेय आणि हिशेब

फाइल छापखान्यात गेली त्या आठवड्यात उरलेलं मानधन द्या. जाहिरातींची वसुली होईपर्यंत थांबवू नका. ती संक्रांतीपर्यंत चालते. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पावती घ्या. पैसे देणारी संस्था असेल आणि एकाच व्यावसायिकाला वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त मानधन जात असेल, तर १० टक्के करकपातीचा प्रश्न येतो. लेखापालाला आधीच विचारून ठेवा.

श्रेयनामावलीत कामाप्रमाणे नावं द्या, सगळी एकाच टाइपात. पैसे घेतले म्हणून नाव गाळणं चूक, आणि फुकट केलं म्हणून ठळक छापणंही चूक. पत्ते लिहिणाऱ्यांची, गठ्ठे उचलणाऱ्यांची नावंही यायला हवीत. हौशी सहभागींना प्रत्येकी दोन प्रती घरपोच द्या, "ऑफिसातून घेऊन जा" नको.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत एका पानाचा हिशेब वाटा: किती आले, मानधन कोणत्या कामाला किती, भरपाई किती, छपाई किती, उरलं किती. रकमा कामापुढे लिहा. ज्याला विचारायचं तो तिथेच विचारेल.

त्याच बैठकीआधी डीटीपीवाल्याकडून पानांची मूळ फाइल, वापरलेले फाँट आणि मोठ्या आकारातले फोटो एका पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइल देणं हे मानधनात धरलेलं आहे की नाही, हे चौथ्या पायरीतच बोलून ठेवायचं असतं. नाहीतर पुढच्या वर्षी मुखपृष्ठावरचं अंकाचं नावसुद्धा पुन्हा काढावं लागतं. सहीचे कागद फाइलला लावून त्या पेनड्राइव्हसोबतच ठेवा, आणि अंकाची एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरात देऊन या.